मालूबाईची चानकी

तुमच्या घरी परका माणूस पोटभर जेवून शेवटचा कधी उठला? खरं सांगा. साडू नको, व्याही नको, लग्न जमवायला आलेला लांबचा मामाही नको. ज्याचं गाव, कूळ, गोत काही ठाऊक नाही असा माणूस. आठवत नाही ना? मलाही आठवत नव्हतं. आणि मी तर जातपात गाडा म्हणून आमच्या नदीच्या राजघाटावर घसा फोडणारा. तेव्हा तुमच्यावर डोळे वटारायचा हक्क मला नाही. तरी वटारतो. स्वभाव आहे.

ही हकिगत बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या मालूबाईची. सरकी काढायच्या जिनात कापूस निवडते, बोळाच्या टोकाला एका खोलीत राहते. तुम्ही तिला ओळखत नाही यात काही नवल नाही. नवल हे की तीही स्वतःला पुरती ओळखत नाही.

छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे साली, माणसं रेल्वेच्या कडेकडेने चालत निघाली होती. गाडीतून धान्य जातं एवढंच त्यांना कळत होतं. बुऱ्हाणपूरजवळच्या चांदनी स्टेशनावर एका सकाळी रेल्वेतल्या यादव खलाशाला मालगाडीच्या सावलीत चार-पाच वर्षांची पोर बसलेली दिसली. आसपास कोणी नाही. कुठून आलीस म्हणून विचारलं तर तिने रुळाकडे बोट केलं. रूळ तर दोन्हीकडे जातो.

यादवने पोर घरी नेली. त्याची बायको आशाबाई, तिला मूलबाळ नव्हतं. तिने पोरीचं नाव मालू ठेवलं, डोक्यातल्या उवा काढल्या, ताप आला तेव्हा चार दिवस मांडीवरून खाली ठेवली नाही. पण ताटली वेगळी ठेवली. माठाला हात लावायचा नाही. पोरीची जात कोणती हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणजे खालची, हा आपल्याकडचा हिशेब. आशाबाई वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर हा लेख सोपा झाला असता.

मालू सात वर्षांची झाली तशी आशाबाईने तिला तिचं पीठ वेगळं काढून दिलं. अंगणात तीन दगड मांडून दिले. "तुझी भाकर तू थाप." पोरीने वेड्यावाकड्या दोन भाकरी थापल्या. काठवटीत पीठ उरलं ते गोळा करून तळहाताएवढी चानकी थापली, आणि ती तव्यावर टाकायच्या आधी अंगठा आणि बोट यांनी तिच्या काठाला चिमटे काढत गेली. काठ फिरवायचा, चिमटा. फिरवायचा, चिमटा. भाजून झाल्यावर ती चानकी खाल्ली नाही. टोपलीच्या तळाशी ठेवली आणि वर दोन भाकरी झाकल्या.

आशाबाईने विचारलं, "हे काय गं?"

"आई करायची."

मालूबाईजवळ आईचं एवढंच आहे. तोंड आठवत नाही, नाव नाही, गाव नाही. हाताची एक सवय तेवढी. चानकी तळाशी राहते, दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ती खायची. का, ते तिला ठाऊक नाही.

सोळाव्या वर्षी ती बुऱ्हाणपुरात जिनात लागली. तोवर यादव आणि आशाबाई दोघंही गेले होते. लग्नाचा प्रश्न आलाच नाही, कोणत्या जातीत करणार? जिनात सगळीकडच्या बाया. निमाडच्या, खानदेशच्या, सातपुड्यातून उतरलेल्या कोरकू. मालूबाईने एकेकीला विचारून पाहिलं, तुमच्याकडे चानकीला काठाने चिमटे काढतात का? कोणी म्हणाली करंजीला काढतो. कोणी म्हणाली नवऱ्याला काढतो. भाकरीला कोणीच नाही.

मग तिने ठरवलं की आपले लोक इथले नाहीत, लांबचे आहेत. तर लांबच्या लोकांना विचारायचं. एकदा ती पदराखाली चानकी घेऊन धर्मशाळेत गेली आणि उतरलेल्या यात्रेकरूंना दाखवू लागली. "हे तुमच्या गावाकडं करतात का?" अनोळखी बाई, हातात काठाला चिमटे काढलेली पिठाची चकती. करणी समजून लोकांनी तिला हाकललं. एकाने चप्पल उचलली.

तेव्हा तिला कळलं की ही गोष्ट चुलीपाशीच दाखवता येते. माणूस घरात यायला हवा, जेवायला बसायला हवा. पण पाहुणा येतो नात्याने, आणि जिला नातंच नाही तिच्या घरी कोण येणार? वीस वर्षं तिच्या खोलीत पाहुणा आला नाही. गोधड्या मात्र तिने दोन शिवून ठेवल्या होत्या.

आता मी येतो. सन पस्तीसच्या थंडीत बुऱ्हाणपुरात शेतकरी-मजुरांची परिषद भरली. मी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकलेला. बाहेरगावच्या प्रतिनिधींना घरोघर उतरवायचं काम माझ्याकडे होतं. वही मांडून बसलो होतो राजघाटाच्या वर, मांडव बांधणं चाललं होतं तिथे. मालूबाई जिनातून सुटून तशीच आली. केसांत कापूस.

"निंबा, पाहुने वाटतो म्हने तू?"

"वाटत नाही मालूबाई, उतरवतो. काय पाहिजे?"

"दोन मले दे. लांबचे दे. जितके लांबचे तितके बेस."

मी हसलो. "तुमची खोली केवढी, त्यात दोन माणसं?"

"मी गोदाबाईकडं निजीन, शेजारीच तं हाये. दोन गोधड्या हायेत माह्याजवळ, नव्या. न्हायले राजघाट हाये. आनखी काय लागते तुह्या पाहुन्याले, हत्ती?"

मी वही पुढे ओढली. नाव मालूबाई. पुरा सिंधीपुरा. माणसं दोन. मग चौथ्या रकान्यावर माझी लेखणी थांबली. "जात?"

"मले काय माहीत? तेच तं इचारायचं हाये त्याइले."

मी मान वर केली. तिने वहीत डोकावून पाहिलं. वाचता येत नाही तिला, पण रकाना कोणता ते बरोबर कळलं.

"निंबा, तुह्या सभेत जातपात गाडनार ना रे तुमी? मंग ह्या वहीत हा खाना कायले?"

खरं सांगतो, मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. प्रतिनिधींची गैरसोय नको, कोणाचा नेम-धर्म असतो, असं काहीबाही मी बोललो. तो रकाना मीच आखला होता, पट्टी धरून. परिषद भरवणाऱ्या वकीलसाहेबांनी सुचवला होता हे खरं, पण हात माझा होता.

"बरं मंग," ती म्हणाली, "लिही तिथं, तपास चालू हाये."

मी काही लिहिलं नाही. रकाना रिकामा सोडला, आणि रिकाम्या रकान्याचं घर आपोआप यादीच्या तळाला गेलं. पाहुणे वाटताना तिथवर कोणी पोहोचणार नाही हे मला ठाऊक होतं. तिलाही असावं. जाताना वळून एवढंच म्हणाली, "नुसतं पानी पिऊन गेले तरी चालते मले. बसले पायजेत चुलीपाशी."

पण परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने चाळीस माणसं जास्त उतरली. संध्याकाळपर्यंत यादीतली घरं भरली, शाळेच्या खोल्या भरल्या, मांडवातसुद्धा सतरंज्या पडल्या. दोघं उरले. एक गजानन मास्तर, बुलढाण्याकडचे, काळा कोट, हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. दुसरा देवराम, नंदुरबारच्या पलीकडचा शेतकरी, खांद्यावर घोंगडी आणि सकाळपासून उपाशी. मी वही उघडली. तळाला एकच नाव होतं.

सिंधीपुऱ्यात पोहोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. मालूबाईने ओटा सारवून ठेवला होता. रोज सारवत होती म्हणे, चार दिवस, कोणी येवो न येवो. पुऱ्यातल्या सार्वजनिक कुंडीचं पाणी दोन घागरी भरून. चूल पेटलेली, काठवटीत ज्वारीचं पीठ, शेजारी वाटाणा घातलेली वांग्याची भाजी. आम्हाला पाहून ती एकदम उठली आणि पाय धुवायला पाणी द्यायच्या ऐवजी गोधडीच आणून पुढे केली. पाहुणा आला की आधी काय करतात ते तिने कधी केलंच नव्हतं.

देवराम हसला. "माय, आत्तेच निजाडतीस का? माले भूक लागनी शे."

तो पाय धुऊन सरळ चुलीपाशी जाऊन बसला. मास्तर उंबऱ्यातच उभे. तांब्या छातीशी.

"बाई," ते सभ्यपणाने म्हणाले, "राग मानू नका. आपण कोण लोक?"

"ते मले माहीत असतं तं तुमाले कायले बोलावलं असतं, मास्तर?"

मास्तरांना काही समजलं नाही. ते माझ्याकडे पाहू लागले. मी थोडक्यात सांगितलं. चांदनी, मालगाडी, खलाशी. ऐकता ऐकता त्यांचा पाय उंबऱ्यावरून मागे गेला. "माझं पोट जरा बिघडलंय," ते म्हणाले. "माझ्याजवळ दशमी आहे. मी इथेच ओट्यावर बसतो. हवा चांगली आहे."

पौषातली हवा. दात वाजत होते त्यांचे.

माझं डोकं फिरलं. "मास्तर, उद्या समतेचा ठराव तुम्हीच मांडणार ना? तो काय पोट बिघडलेल्या माणसांसाठी..."

"निंबा!" मालूबाईने मला आतून हटकलं. "भांडू नको. माह्या घरचे पाहुने हायेत. तुहे नाईत." मग ओट्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, नका जेवू. तिथूनच नुसतं पाहा. मले पाहनारा पायजे."

अशी सरळ मागणी आली की माणूस काय करणार? मास्तर ओट्यावरून मान वळवून बसले. दारातून चूल दिसत होती.

तिने भाकरी थापायला घेतल्या. पहिली थापतानाच कडेला फाटली. देवराम म्हणाला, "फाटेल दे, मन्हा पोटमा बी फाटनारच शे." ती हसली, पुढच्या नीट झाल्या. देवरामने तीन खाल्ल्या, तेल-तिखट मागून घेतलं, मध्येच आपल्या गावच्या विहिरीचं, बैलाचं, दोन सुनांच्या भांडणाचं सांगत बसला. ती ऐकत होती, पण लक्ष काठवटीवर होतं. पीठ सरत आलं. तिने कडेचं पीठ बोटांनी निपटून गोळा केलं, लहानशी चानकी थापली. आणि काठ फिरवत चिमटे काढायला लागली.

देवरामचा हात घास घेऊन थांबला. "ओ माय. हे तू कोठे शिकनी?"

ती उत्तर द्यायच्या आत दारात अंधार झाला. गजानन मास्तर आत येऊन उभे होते. उंबरा कधी ओलांडला ते त्यांनाही कळलं नसावं. ते चुलीपाशी वाकले आणि तव्यावर जायची ती ओली चानकी त्यांनी आपल्या तळहातावर घेतली. एकेका चिमट्यावरून बोट फिरवलं.

"आमच्या घरी," ते म्हणाले, "आमच्या घरी अशी चानकी असायची. टोपलीच्या तळाशी ठेवता ना तुम्ही ही?"

मालूबाईने मान डोलावली.

"आमच्याकडचीच आहे ही. पाच चिमटे. पाच पांडवांचे. शेतात पांढरे पाच दगड असतात ना, त्यांचे."

"पाच?" देवराम उसळला. "मास्तर, पाच काय घिसन बैठनात! आमना गावमा सात ऱ्हातस. साती आसराना सात. विहीर आटू नये म्हनीसन. हाई बाई आमनीच शे."

"अहो, पाच!"

"सात!"

तासाभरापूर्वी तिला कोण लोक म्हणून विचारणारा माणूस आता तिला आपल्या मुलुखात ओढत होता, आणि दुसरा तिचा दुसरा हात धरून.

"मोजा ना मंग," मालूबाई म्हणाली. "मी कधी मोजले नाईत. हात करते, मी पाहत नाई."

मास्तरांनी तळहात दिव्यापाशी नेला. देवराम घास ताटात टाकून वाकला. दोघांनी मिळून मोजलं. मग परत मोजलं. एकमेकांकडे पाहिलं.

"सहा," मास्तर म्हणाले.

"सहा?"

"चूक व्हयनी व्हई," देवराम म्हणाला. "दुसरी कर, माय. डोया मिटीसन कर. हातले करू दे."

तिने पीठ काढलं, सकाळसाठी ठेवलेलं. डोळे मिटून चानकी थापली, चिमटे काढले. सहा. तिसरी केली. सहा. पिठाचा डबा झटकून चौथी केली, पुरीएवढीही नव्हती ती, आणि तिच्यावरही दाटीवाटीने सहाच.

"सहा कशाचे असतात?" मी विचारलं.

पाच पांडव, सात आसरा. मधल्या सहांचा धनी कोणी सापडेना. मास्तर सहा ऋतू म्हणाले आणि स्वतःच 'छे' म्हणाले. मालूबाईच्या तोंडाकडे मला पाहवेना. वीस वर्षांची वाट, दोन माणसं आली, दोघांनी हक्क सांगितला आणि दोघंही एकेका चिमट्याने चुकले.

पण ती रडली नाही. तिने चारही चानक्या भाजल्या. मग मास्तरांकडे पाहून म्हणाली, "ओली तुमी हातात घेतली, मास्तर. आता तिचं काय करू? भाजली हाये. तळाशी ठेवू का वाढू?"

मास्तर बसले. कोट न काढता, देवरामच्या मांडीला मांडी लावून. चानकी खाल्ली, वांगं खाल्लं, आणि तांब्यातलं पाणी राहू देऊन तिच्या घागरीतलं मागितलं. पोट बिघडल्याचं कोणी काढलं नाही. मी काढणार होतो, मालूबाईने डोळ्यांनी दाबलं.

परिषद झाली. ठराव झाला. मास्तरांनी तो मांडला तेव्हा चारदोन वाक्यांवर अडखळले, लोकांना वाटलं घसा बसला. तिसऱ्या दिवशी गोटूच्या टांग्यातून मी त्यांना स्टेशनावर पोहोचवायला गेलो. टांगा निम्म्या वाटेवर असताना ते म्हणाले, "निंबाजी, मी त्या बाईला एक खोटं सांगितलं."

"कोणतं?"

"चानकी आमच्या घरची नव्हे. आमच्या घरी असं कोणी करत नसे. आमच्या शेतात एक बाई निंदणीला यायची. मी लहान होतो. बांधावर तिच्या टोपलीतून ती चानकी मी चोरून खायचो. घरी कळलं असतं तर चामडी लोळवली असती. पाच पांडवांचं तिनेच सांगितलं होतं, की मीच मनाने लावलं, तेही आता आठवत नाही."

"कोण लोक होती ती?" माझ्या तोंडून गेलं. मीच विचारलं हे. जीभ चावली.

मास्तर माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसले. "तुमच्या वहीत रकाना आहे ना, निंबाजी? रिकामाच ठेवा."

टांग्यातून उतरून मी सरळ सिंधीपुऱ्यात गेलो आणि मालूबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल, किंवा राग येईल. तिने एकच विचारलं. "किती होते म्हने त्या बाईच्या चानकीले? मोजले होते का त्यानं?"

नव्हते मोजले. म्हणून तिने माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं. महिन्याने मास्तरांचं उत्तर आलं. ते आपल्या गावी जाऊन आले होते. ती बाई वारली होती. तिचे लोक छपन्यात अर्धे इकडे, अर्धे तिकडे गेले होते, रेल्वेच्या कडेने. मागे राहिलेल्या एका म्हातारीकडून मास्तरांनी चानकी करवून घेतली. तिच्या हाताने पाच निघाले. पण म्हातारी म्हणाली, आमच्यात ज्या घरातलं मूल लांब जाई, त्या घरची बाई एक जास्त काढायची. मग पुढे म्हणाली, की नाही, तसं नव्हतं, मला नीट आठवत नाही.

ते कार्ड मालूबाईने मला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा म्हणाली, "एक जास्त, ते जाऊ दे. आठवत नाई म्हनली ना ती, ते परत वाच." मी वाचलं. "आठवत नाई म्हनजे खोटं नसते," ती म्हणाली. "पन पक्कंही नसते. मले पक्कं पायजे."

तेव्हापासून आजवर, म्हणजे या पाच वर्षांत, तिच्या घरी तेवीस परके जेवून गेले. मी पाठवतो. गाडी चुकलेले, कापसाच्या गाड्या घेऊन आलेले, एक गुजरातेतला सुया विकणारा, एक दशावतारी खेळ करणाऱ्यांचा ताफा. प्रत्येक जण पीठ सरेपर्यंत बसतो. कोणी म्हणतो आमच्याकडे तीन, कोणी म्हणतो नुसती बोटं उमटवतात. सहा अजून कोणाचे निघाले नाहीत. पाय धुवायला पाणी आधी द्यायचं हे आता तिला येतं. वहीतला चौथा रकाना मी फाडून टाकला. नुसता खोडला असता तर खाली वाचता आला असता.

आता तुम्ही. तुमच्या घरी, तुमच्या शेतावर येणाऱ्या बाईकडे, कोपऱ्यातल्या म्हातारीकडे आज जा. शेवटच्या पिठाची चानकी ती कशी करते ते पाहा. काठाला चिमटे असतील तर मोजा, दिव्यापाशी नेऊन मोजा. आणि सहा निघाले तर कार्ड टाकू नका. स्वतः या. सिंधीपुऱ्यात बोळाच्या टोकाला मालूबाईची खोली कोणीही दाखवील. उंबऱ्यात थांबू नका, आत येऊन बसा.